नेवाळीची युद्धकालीन धावपट्टी : अधिग्रहण की संपादन?

पांढुर्णा-सौंसर भागातील मराठी वाचक सरकारी कागदात 'भूमि अधिग्रहण' हे हिंदी शब्द वाचतो, तेव्हा जमीन सरकारच्या मालकीची झाली असा अर्थ घेतो व तो बरोबरही असतो. महाराष्ट्राच्या कायदेविषयक मराठीत मात्र त्यासाठी 'संपादन' हा शब्द आहे. तेथे 'अधिग्रहण' म्हणजे मालकी मूळ धन्याकडे ठेवून सरकारने काही काळापुरता घेतलेला ताबा होय. हा फरक किती महत्त्वाचा आहे, हे ठाणे जिल्ह्यातील नेवाळी विमानतळाच्या इतिहासावरून ध्यानात येते.

मार्च १९४२ मध्ये रंगून पडले. एप्रिलमध्ये विशाखापट्टणम व काकीनाडा येथे जपानी बॉम्ब पडले. त्या धामधुमीत ब्रिटिश सरकारने कल्याणजवळ, मलंगगडाच्या परिसरातील शेतजमिनी घेऊन नेवाळीची धावपट्टी उभारली. भारत संरक्षण नियमांतील ७५-अ या नियमान्वये सरकारला खासगी मालमत्ता ताब्यात घेता येत असे.

१९४५ मध्ये युद्ध संपले. जवळच्या कल्याण लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित वसले व १९४९ मध्ये तिचे उल्हासनगर झाले. नेवाळीची धावपट्टी मात्र ओस पडली आणि जमिनीचा प्रश्न तसाच राहिला. नौदलाने तेथे कुंपणभिंतीचे काम सुरू केल्यावर २२ जून २०१७ रोजी शेतकऱ्यांचे आंदोलन हिंसक झाले. पोलिसांची वाहने जळाली, दोन्ही बाजूंचे लोक जखमी झाले. जमीन युद्धापुरतीच घेतली होती, असे शेतकऱ्यांचे म्हणणे. ती संरक्षण खात्याच्या मालकीची आहे, असा नौदलाचा दावा.

युद्धकालीन ताबा पुढे चालू ठेवण्यासाठी १९४७ मध्ये कायदा झाला. त्यानंतरच्या १९५२ च्या कायद्यात अधिगृहीत मालमत्ता परत करणे किंवा मोबदला देऊन संपादित करणे, असे दोन मार्ग ठेवले गेले. अधिग्रहण हे तात्पुरतेच असते, ते अनिश्चित काळ चालू ठेवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये एच. डी. व्होरा खटल्यात स्पष्ट केले.

म्हणूनच अशा वादात मूळ आदेश, मोबदल्याची नोंद आणि सातबारा हे तीन कागद निर्णायक ठरतात. आजोबांनी सही केलेल्या कागदावर नेमका कोणता शब्द होता, यावर नातवाची शेती अवलंबून असते. तो कागद जपणे आणि समजून वाचणे, दोन्ही तितकेच आवश्यक आहे.