पुलीचा हिशेब

कोरगावी भात सडण्याच्या गिरणीशी आम्हां धान्यव्यापाऱ्यांचा नित्य संबंध येतो. तेथील पट्टा व पुली यांचा हिशेब एकदा उमगला, की मोटारगाडीतील सुपरचार्जरचाही उमगतो.

मिनिटास १४४० फेरे घेणाऱ्या विजेच्या मोटारीवर ५ इंची आणि हलरवर १० इंची पुली असल्यास हलर ७२० फेरे घेतो. हलरची पुली ८ इंची केली, तर तेच फेरे ९०० होतात. चालविली जाणारी पुली जितकी लहान, तितका तिचा वेग अधिक.

सुपरचार्जर म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंप. १९९५ नंतरच्या काही मर्सिडीझ गाड्यांत तो इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरत असे. त्याची पुली ४ इंचांवरून साडेतीन इंचांवर आणल्यास तो सुमारे १४ टक्के अधिक वेगाने फिरतो. हवा अधिक लोटली जाते, दाब वाढतो आणि जोडीस इंधनही वाढविल्यास शक्ती वाढते. इंजिनावरील पुली मोठी केली तरी परिणाम तोच.

परंतु दाबलेली हवा तापते. मग इंधन अवेळी पेटून इंजिन ठोके देऊ लागते व पिस्टन निकामी होण्याचा संभव असतो. लहान पुलीवर पट्ट्याची पकड कमी, म्हणून तो घसरतोही. हलरचे तसेच. वेग वाढविल्यास काम लवकर उरकते, पण तांदूळ तापून तुटतो, आणि कणीस तांदळाचा भाव मिळत नाही.

यास्तव पुली बदलण्यापूर्वी यंत्रकर्त्याने नेमलेली फेऱ्यांची मर्यादा गिरणीवाल्या बंधूंनी अवश्य पाहावी. परिग्रहाचे परिमाण जाणणाऱ्या आपल्या समाजास मर्यादेचे मोल निराळे सांगावयास नको.