शिडी घेताना हाडांचाही विचार करा

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की घरोघरी माळे रिकामे होतात, पंखे पुसले जातात, जळमटे काढली जातात. त्यासाठी पलंगावर स्टूल आणि स्टुलावर डबा रचण्याची आपली जुनी सवय. त्यावरून पडून खुबा किंवा मणका मोडला, तर कित्येक आठवडे अंथरूण धरावे लागते. पाळी गेल्यानंतर स्त्रियांची हाडे ठिसूळ होऊ लागतात. त्यांना थोड्या उंचीवरून पडणेही महागात पडते. म्हणून घरात चांगली शिडी असणे ही चैन नव्हे.

बाजारात बिजागऱ्यांची बहुउपयोगी शिडी मिळते. ती पाय फाकवून स्वतंत्र उभी राहते आणि सरळ करून भिंतीलाही टेकवता येते. घेताना ती दुकानातच उघडून पाहावी. प्रत्येक बिजागरीचा खटका पक्का बसतो का, पायांना रबर आहे का, पायऱ्या निसरड्या नाहीत ना, हे तपासावे. शिडीवर लिहिलेली वजनाची मर्यादा चढणाऱ्याचे वजन अधिक हातातले सामान यांहून जास्त हवी. घरातल्या गृहिणीला ती एकटीने उचलता आली पाहिजे. नाहीतर शिडी कोपऱ्यात राहते आणि पुन्हा स्टूलच पुढे येते.

अॅल्युमिनियमची शिडी हलकी असते, पण तिच्यातून वीज वाहते. विजेच्या कामासाठी ती वापरू नये. पंखा पुसतानाही मेन स्विच बंद करावा. लाकडी शिडीला रंग देऊ नये, त्याखाली भेगा झाकल्या जातात.

शिडी 12 फुटांवर टेकवली, तर तिचे पाय भिंतीपासून 3 फूट दूर असावेत. स्वतंत्र उभ्या शिडीच्या वरच्या दोन पायऱ्यांवर उभे राहू नये. पदर खोचावा, सपाता काढून घट्ट बसणारी पादत्राणे घालावीत. चक्कर येणाऱ्यांनी आणि गुंगी आणणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी शिडीवर चढूच नये.

कोणी पडल्यास घाईने ओढून उठवू नये. मान किंवा पाठ दुखत असेल, पाय बधिर वाटत असतील, तर रुग्णाला न हलवता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पाय आखूड होऊन बाहेर वळला असल्यास खुब्याचे हाड मोडल्याची शक्यता असते. अशा वेळी चोळणे, मालिश करणे कटाक्षाने टाळावे. डोक्याला मार लागल्यावर उलट्या झाल्या किंवा गुंगी आली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.