‘आठवड्याने या’ म्हणजे दुर्लक्ष नव्हे

ब्रिटनमधल्या मुलीचा फोन येतो. दिवस गेल्याला जेमतेम दीड महिना, डाग लागलेत, हॉस्पिटलच्या अर्ली प्रेग्नन्सी युनिटमध्ये सोनोग्राफी झाली आणि ‘आठवड्याने परत या’ म्हणून घरी पाठवलं. इकडे आई कळवळते, “अगं, ॲडमिट नाही केलं? साधं इंजेक्शनसुद्धा नाही?”

आईची माया खरी आहे, पण त्या प्रश्नाने मुलीला वाटू लागतं की आपल्याला वाऱ्यावर सोडलंय. तसं नसतं. पहिल्या तीन महिन्यांतला रक्तस्राव आणि पोटदुखी यांच्यासाठीच हे बाह्यरुग्ण विभाग आहेत. सोनोग्राफी, रक्ततपासणी आणि नीट समजावून सांगणारी नर्स एकाच ठिकाणी मिळते. बहुतेकींना जीपी (तिथला फॅमिली डॉक्टर) किंवा सुईण तिथे पाठवते. आधी गर्भ नलिकेत राहिला असेल किंवा वारंवार गर्भपात झाले असतील, तर थेट संपर्क साधता यावा, असं तिथली ‘नाइस’ ही मार्गदर्शक संस्था सांगते.

मग आठवडाभर थांबायचं कशाला? सहाव्या आठवड्याच्या आसपास गर्भ काही मिलिमीटरचा असतो. पाळी अनियमित असेल, तर दिवसांचा हिशेबही चुकतो. गर्भाची लांबी ७ मिलिमीटरपेक्षा कमी असेल आणि ठोके दिसत नसतील, तर निदान सात दिवसांनी पुन्हा पाहायचं, असा नियम आहे. पूर्वी ही मर्यादा ६ मिलिमीटर होती. जिवंत गर्भाला चुकून ‘गेला’ म्हटलं जाण्याचा धोका लक्षात आल्यावर २०११ मध्ये ती वाढवली. ते सात दिवस काढणं फार अवघड असतं, पण त्या तपासणीतला तो सर्वांत महत्त्वाचा भाग आहे.

आतून केलेल्या सोनोग्राफीने गर्भ पडत नाही. एवढ्या लवकर तिच्यातच जास्त स्पष्ट दिसतं. झोपून राहिल्याने गर्भ टिकतो, याला पुरावा नाही. जिना चढल्याने किंवा पपईची फोड खाल्ल्याने तो गेला, हा दोष तर कोणत्याही बाईच्या माथी मारू नये. इतक्या लवकरच्या गर्भपातांमागचं सर्वांत मोठं कारण गर्भाच्या गुणसूत्रांतला दोष हे आहे. आणि डाग लागलेल्या कितीतरी जणींचं बाळंतपण पुढे सुखरूप होतं.

गर्भ टिकावा म्हणून देतात त्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचं म्हणाल, तर ते सरसकट दिलं जात नाही. गर्भ गर्भाशयात असल्याचं सोनोग्राफीत दिसलंय, रक्तस्राव होतोय आणि पूर्वी गर्भपात झालाय, अशा स्त्रीला ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा द्यावं, असं ‘नाइस’ने २०२१ मध्ये सांगितलं.

एका बाबतीत मात्र थांबायचं नसतं. ब्रिटनमध्ये हजारातल्या सुमारे ११ गर्भधारणा गर्भाशयाबाहेर, बहुधा नलिकेत होतात. नलिका फुटली तर पोटात रक्तस्राव होऊन जिवावर बेततं. म्हणून आईने फोनवर आधी हे विचारावं: एका बाजूला पोटात खूप दुखतंय का? खांद्याच्या टोकाला कळ येते का? डोळ्यांपुढे अंधारी येते का? यातलं काही असेल, तर आठवड्यानंतरची वेळ विसरून तिने लगेच ९९९ हा तिथला आणीबाणीचा नंबर फिरवावा.