गोधडीचे कापड : स्वस्त का, ते आधी ओळखा

दिवाळी सरली की गावोगावच्या मंगल कार्यालयांत कापडाचे सेल लागतात. बाहेर भला मोठा फलक, 'फॅक्टरी बंद, माल काढणे आहे'. आत टेबलांवर कापडाचे ढीग आणि ढिगांभोवती आपल्या मायबहिणी. कोणी मुलांच्या कपड्यांसाठी घेते, कोणी उशांच्या अभ्र्यांसाठी, आणि अलीकडे बऱ्याच जणी गोधडीसाठी घेतात. गोधडीसाठी विकत कापड आणायचे, ही गोष्ट आमच्या आज्यांना सांगितली असती तर त्या हसल्या असत्या. गोधडी शिवायची ती जुनेराची. लुगडे अंगावर विरले, फाटले, की त्याचे चार पदर घालून धावदोरा मारायचा, इतका सरळ हिशेब होता.

तो हिशेब आता जुळत नाही, कारण घरात सुती जुनेरच उरलेले नाही. कपाटात साड्या पंधरा असतील, पण त्यांतल्या बारा सिंथेटिक. अशा साडीची गोधडी शिवता येते, मात्र ती अंगावर टिकत नाही, घसरते. घाम शोषत नाही. आतले पदर एकमेकांवर सरकतात आणि वर्षभरात एका कोपऱ्यात गोळा होतात. म्हणून निदान वरचा आणि खालचा पदर सुती कापडाचा घालावा लागतो, आणि ते कापड बाजारातून आणावे लागते. दुकानातले चांगले पॉपलीन किंवा केंब्रिक परवडत नाही, तेव्हा पाय आपोआप सेलकडे आणि कटपीसच्या दुकानाकडे वळतात. त्यात कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही. स्वस्त कापड म्हणजे वाईट कापड असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. प्रश्न वेगळाच आहे, आणि तो विचारण्याची सवय आपल्याला नाही. हे कापड स्वस्त का आहे?

आम्ही ज्या महिला बचत गटाची जमाखर्चाची वही लिहितो, त्या गटाचा अनुभव येथे सांगण्यासारखा आहे. गटातील सहा जणी तान्ह्या बाळांसाठी लहान गोधड्या शिवतात. एका गोधडीला कापड शंभर रुपयांचे, दोरा दहा रुपयांचा, आणि शिवायला तीन दुपारी, म्हणजे सुमारे नऊ तास. विक्री साडेतीनशेला. एकदा तीस गोधड्यांची मागणी आली, आणि एका सेलमध्ये लाल रंगाचे, पांढऱ्या ठिपक्यांचे कापड फार स्वस्त मिळाले. गोधडीमागे पंचवीस रुपये वाचले, एकूण साडेसातशे. सगळ्या जणी खूश. महिनाभरात अकरा गोधड्या परत आल्या. पहिल्याच धुण्यात लाल रंग सुटून पांढरे ठिपके गुलाबी झाले होते, आतले मांजरपाट डागाळले होते, आणि एका घरी तर त्याच बादलीतली बाळाची झबली रंगली होती. अकरा गुणिले साडेतीनशे, म्हणजे तीन हजार आठशे पन्नास रुपये परत करावे लागले. वहीत एवढेच लिहिता आले. पण अकरा गोधड्यांचे नव्व्याण्णव तास कोणत्या रकान्यात लिहायचे? वाणिज्य शाखेचा पदवीधर असूनही आम्हाला तो रकाना सापडलेला नाही. गोधडीतील सर्वांत महाग वस्तू कापड नव्हे, बाईचे श्रम आहेत. कापड वाया गेले तर शंभर रुपये जातात, पण ते कापड आपल्याबरोबर नऊ तासांची शिवणही घेऊन जाते.

तर कापड स्वस्त का होते? काही कारणे अगदी निरुपद्रवी असतात. ताग्याचे शेवटचे टोक उरलेले असते, एक-दीड मीटरचे, त्यात सदरा बसत नाही. नक्षी जुनी झालेली असते. काठाजवळ विणीत एखादा धागा तुटलेला असतो, किंवा छपाई थोडी सरकलेली असते. शर्ट शिवणाऱ्याला हे दोष चालत नाहीत. आपल्याला मात्र तुकडेच करायचे असतात, म्हणून असे कापड गोधडीसाठी उत्तम, आणि ते दिसले की अवश्य घ्यावे. दुसऱ्या जातीची कारणे घातक असतात. सूत कच्चे आणि आखूड तंतूंचे. वीण विरळ आणि ती लपवण्यासाठी भरमसाट खळ. रंग नीट न बसवलेला, न धुतलेला. किंवा माल वर्षानुवर्षे गोदामात पडून घडीवर कुजलेला. दोन्ही कापडे एकाच टेबलावर, एकाच भावात, शेजारीशेजारी पडलेली असतात. दुकानदाराला फरक ठाऊक असतो. आपल्याला तो हातांनी शोधावा लागतो.

त्या लाल कापडाच्या प्रकरणानंतर गटातील ताईंनी वस्तीतल्या एका मामांना बोलावले. मामांची हयात मुंबईच्या गिरणीत, त्रासन खात्यात, म्हणजे सूतकताईत गेली. आपल्या समाजातील जुनी माणसे बहुतेक याच खात्यातली. साचाखात्यात, म्हणजे विणाईत, त्यांना घेत नसत, कारण तेथे कांडीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धागा इतरांना चालत नसे. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे मांडला होता. मामांचा काळ त्याच्या कितीतरी नंतरचा. पण बापामागून मुलगा त्याच खात्यात जाई, त्यामुळे सुताची पारख आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या राहिली. मामांनी त्या कापडाकडे पाहिलेसुद्धा नाही. म्हणाले, "पोरींनो, डोळ्यांनी काय बघता? नख लावा, नख."

नख लावणे म्हणजे काय? कापड दोन्ही हातांत ताणून धरायचे आणि अंगठ्याचे नख विणीवर आडवे ओढायचे. धागे बाजूला सरकून तेथे फट पडली, तर वीण विरळ आहे. असे कापड धावदोऱ्याला तग धरत नाही, टाक्याजवळ उसवत जाते. मग ते उजेडासमोर धरावे. धागे सारख्या जाडीचे दिसतात की मध्येच गाठाळ, मध्येच केसासारखे बारीक, ते तेव्हाच कळते. सगळीकडे सारखे पातळ असेल तर चालेल, मलमलही पातळच असते. कुठे दाट, कुठे जाळी, असे असेल तर ठेवून द्यावे.

खळ ओळखणे त्याहून सोपे. कापडाचा कोपरा दोन्ही हातांत धरून कपडे धुताना चोळतो तसा जोराने चोळावा. बोटांना पांढरी भुकटी लागली आणि कापड एकदम लुळे पडले, तर आपण कापडाऐवजी कांजी विकत घेत आहोत असे समजावे. थोडी खळ सगळ्याच नव्या कापडाला असते, तिचा बाऊ करू नये.

आता सुताची पारख. काठाचा एक धागा ओढून घ्यावा आणि उलटा पीळ देऊन उकलावा. चांगल्या सुताचे तंतू लांब निघतात, हलक्या सुताचे कापसाच्या भुशासारखे तुटक. त्यानंतर मामांनी जी युक्ती दाखवली, ती आम्हाला सर्वांत मोलाची वाटली. धागा मध्यभागी जिभेने किंवा पाण्याने ओला करून ओढायचा. सुती धागा ओला झाला की अधिक बळकट होतो, तो शक्यतो कोरड्या जागी तुटतो. रेयॉन, ज्याला हल्ली विस्कोस म्हणतात, ओले झाले की दुबळे होते आणि नेमके ओल्या जागी तुटते. रेयॉन हाताला इतके मऊ आणि गार लागते की भल्याभल्या बायका ते उंची सुती कापड म्हणून घेतात. जळल्यावरही ते सुतासारखेच जळते, म्हणून काडी लावून त्याचा पत्ता लागत नाही. पाण्याने लागतो. गोधडी ओली झाली की किती जड होते आणि ती पिळताना काय ओढाताण होते, हे सांगायला नको. तेथे रेयॉनचा निभाव लागणे कठीण.

टेरीकॉट आणि पॉलिएस्टर मात्र काडीने लगेच ओळखू येतात. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही कागदाचाच, आणि मागे मऊ राखाडी राख राहते. पॉलिएस्टर आकसते, वितळते आणि काळा कडक मणी होतो. दोन्हींची भेसळ असेल तर राखेत बारीक खडे लागतात. ही परीक्षा घरी, ताटलीवर, चिमट्यात धागा धरून करावी. सेलमध्ये काडी पेटवू नये, हे वेगळे सांगायला नकोच. तेथे मूठ पुरते. कापड मुठीत दाबून दहापर्यंत मोजावे आणि सोडावे. सुती कापड चुरगळलेले राहते, पॉलिएस्टर उसळून सरळ होते.

रंगासाठी पर्समध्ये एक पांढरा रुमाल ठेवावा. रुमालाचे टोक ओले करून कापडावर दहा-बारा वेळा घासावे. किंचित रंग लागला तर घरी धुऊन पाहता येईल. रुमाल लालभडक झाला तर दुकानातून बाहेर पडावे. लाल, गडद निळा, काळा आणि मरून या रंगांना ही परीक्षा चुकवू नये. कापडाची उलटी बाजूही पाहावी. छपाई फक्त वरवर बसलेली असेल, हाताला ती जागा ताठ लागत असेल, रॉकेलसारखा वास येत असेल, तर तो रंग चिकटवलेला असतो. तो पाण्यात फारसा सुटत नाही, पण घडीवर आणि टाक्यावर झिजून पांढरा पडतो, आणि हाताने शिवताना सुई अडते ते वेगळेच. मिठाच्या पाण्यात कापड भिजवले की रंग पक्का होतो, हा समज आपल्याकडे घरोघरी आहे. कारखान्यात रंगवताना मीठ वापरतात, म्हणून तो रूढ झाला असावा. पण रंगवून झालेल्या कापडातला सुटा रंग घरच्या मिठाने बसत नाही. तो पाणी स्वच्छ येईपर्यंत धुऊनच काढावा लागतो. तीन-चार पाण्यांनंतरही पाणी रंगीतच येत असेल, तर ते कापड गोधडीत घालू नये.

बाळाच्या गोधडीबाबत तर अधिकच जपावे, कारण बाळ कापड तोंडात घालते. काही ॲझो रंगांपासून अपायकारक द्रव्ये सुटतात, म्हणून १९९७ साली केंद्र सरकारने अशा रंगांवर बंदी घातली. पण ढिगातल्या बिननावाच्या कापडावर कोणता रंग आहे ते कोण सांगणार? आमच्या मते तेथे पांढरे, बदामी आणि फिके रंगच बरे.

आता आटण्याविषयी. गोधडीत तिचे महत्त्व सदऱ्यापेक्षा जास्त असते, आणि ते का, हे नीट समजून घ्यावे. आतले जुने सुती पदर शंभर वेळा धुतलेले असतात, त्यांचे आटणे कधीच संपलेले असते. वरचे नवे कापड मात्र अजून आटायचे असते. ते शेकडा पाच आटले, तर सात फुटी गोधडीत लांबीला चार इंचांहून अधिक फरक पडतो. आतले पदर तेवढेच राहतात, वरचा आखडतो, आणि सगळी गोधडी चुण्या पडून वाकडी होते. त्यासाठी आधी अर्ध्या मीटरहून थोडे अधिक कापड आणावे, त्यातून वीस इंच लांब-रुंद चौकोन कापून गरम पाण्यात धुवावा, वाळवावा आणि मोजावा. एक इंच कमी भरला म्हणजे शेकडा पाच. उभ्या आणि आडव्या धाग्यांचे आटणे वेगवेगळे असते, म्हणून दोन्हीकडून मोजावे. नंतर सगळे कापड धुऊन, वाळवून मगच कापावे. तेवढ्यासाठी एक दिवस जातो, तो जाऊ द्यावा.

किलोवर मिळणाऱ्या कापडाचा हिशेब पुष्कळ जणींना घोटाळ्यात टाकतो. उल्हासनगरच्या बाजारात असो वा इचलकरंजी-भिवंडीहून आलेल्या गाठोड्यात, भाव किलोचा आणि गरज मीटरची. मध्यम वजनाचे सुती कापड चौरस मीटरला सुमारे १२० ग्रॅम भरते. पन्हा ४४ इंचांचा असेल तर एका मीटरचे वजन १३४ ग्रॅमच्या आसपास होते, म्हणजे किलोत साधारण साडेसात मीटर. किलोचा भाव समजा दोनशे रुपये असेल, तर मीटर सत्तावीस रुपयांना पडला. पाच फूट रुंद, सात फूट लांब गोधडीच्या फक्त वरच्या-खालच्या पदरांना, शिलाईची जागा धरून, साडेसहा मीटर कापड लागते. मात्र तुकड्यांत काठ, शिवणी आणि डागाळलेले भाग असतात, तेही आपण वजनातच विकत घेतो, आणि खळही वजनात भरते. म्हणून चार-सहा तुकडे पसरून पाहिल्याशिवाय गाठोडे उचलू नये. पाहू देत नसेल तर तेही एक उत्तरच समजावे.

आहेरात येणाऱ्या ब्लाऊजपीसबद्दलही दोन शब्द. डझनावारी घेतलेले, या घरातून त्या घरात फिरणारे हे कापड कोणी शिवत नाही, म्हणून ते गोधडीकडे येते. त्यातले बहुतेक पॉलिएस्टरचे असते. सुती आणि पॉलिएस्टरचे तुकडे एकाच गोधडीत शेजारी जोडू नयेत, कारण एक आटते, दुसरे आटत नाही. हवे तर त्यांच्या पिशव्या शिवाव्यात. दोऱ्याचेही असेच आहे. मऊ सुती कापडाला मशीनचा पॉलिएस्टर दोरा लावला तर तो स्वतः तुटत नाही, कापडच कापतो. सुती दोरा घ्यावा.

आमच्या गटाने आता एक दोनशे पानी वही केली आहे. नवे कापड आले की त्याचा इंचभर तुकडा पानावर टाचतात. शेजारी भाव, तारीख, कोठून आणले, रुमालाला रंग लागला का आणि वीस इंचांचे किती उरले, हे लिहितात. आजवर सव्वीस तुकडे टाचले गेले आहेत. त्यांतल्या नऊ तुकड्यांपुढे लाल पेनने 'नको' असे लिहिले आहे, आणि त्यांतले दोन तर सगळ्यांत महाग होते.