‘अजून सांगता येत नाही’ हे मोजायचे कसे?

प्रसूतिगृहाबाहेर थांबलेल्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘पेढे की बर्फी?’ आपल्याकडे गर्भलिंग सांगण्यास कायद्याने बंदी आहे, त्यामुळे उत्तर जन्मानंतरच कळते. मात्र क्वचित एखाद्या बाळाची बाह्य जननेंद्रिये पाहून डॉक्टरांनाही ते लगेच देता येत नाही. ‘तपासण्या करू, मग सांगू,’ एवढेच ते म्हणतात. मग बारसे लांबते, फोन उचलणेही आईबापांना नकोसे होते.

गुणसूत्रे, जननग्रंथी किंवा जननेंद्रियांचा विकास जन्मतः नेहमीपेक्षा निराळ्या वाटेने झालेला असतो, तेव्हा त्याला लिंगविकासातील वेगळेपण म्हणतात. २००५ साली शिकागोत भरलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने जुन्या, दुखावणाऱ्या संज्ञा बाजूला ठेवल्या. त्या वेळी सुचवलेल्या ‘विकार’ या शब्दाऐवजी आता अनेक जण ‘वेगळेपण’ हा शब्द पसंत करतात.

कंजेनिटल ॲड्रिनल हायपरप्लेझिया हे त्याचे एक प्रमुख कारण. यात अधिवृक्क ग्रंथींमधील एका विकराची कमतरता असते. त्यामुळे कॉर्टिसॉल पुरेसे तयार होत नाही आणि पुरुषी संप्रेरके वाढतात. शरीरातील क्षार टिकत नसतील, तर पहिल्या काही आठवड्यांतच बाळाच्या जिवावर बेतू शकते. रक्ततपासणीने निदान होते आणि रोजच्या औषधांनी बाळ वाचते. पण पुढे काय? मोठेपणी मूल स्वतःला कोण मानेल, त्याला अपत्य होईल का, आजीआजोबांना काय सांगायचे? ही उत्तरे रक्ताच्या नमुन्यात सापडत नाहीत.

या न दिसणाऱ्या ओझ्यालाही मापनपट्टी आहे. अमेरिकेतील परिचर्याशास्त्राच्या संशोधक मर्ल मिशेल यांनी १९८३ साली रुग्णालयातील मुलांच्या पालकांसाठी ३१ विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. प्रत्येक विधान कितपत पटते, हे पालक १ ते ५ गुणांत सांगतात. तिच्यात अनिश्चिततेचे चार पदर दिसतात : संदिग्धता, उपचारांबाबत स्पष्टता नसणे, माहितीची उणीव आणि पुढचा अंदाज न येणे. लिंगविकासातील वेगळेपण असलेल्या मुलांच्या पालकांसाठीही संशोधकांनी ती वापरली आहे. अनिश्चितता जितकी जास्त, तितकी चिंता आणि नैराश्याची लक्षणे अधिक, असे या अभ्यासांत आढळते.

मोजण्याचा खरा उपयोग पदर वेगळे करण्यात आहे. माहिती कमी असेल, तर डॉक्टरांनी चित्र काढून, सोप्या मराठीत, पुन्हा पुन्हा समजावले पाहिजे. पुढचाच अंदाज येत नसेल, तर कोरडी माहिती पुरत नाही. तिथे समुपदेशक हवा, याच वाटेने गेलेले दुसरे आईबाप हवेत.

हे ओळखले नाही, तर अनिश्चितता संपवण्याच्या घाईत बाळावर शस्त्रक्रिया उरकली जाते. तिचे परिणाम आयुष्यभर त्या मुलाला भोगावे लागतात. २०१९ साली मद्रास उच्च न्यायालयाच्या निकालानंतर तमिळनाडूने, जिवाला धोका असल्याखेरीज, अशा बाळांवरील लिंगनिश्चितीच्या शस्त्रक्रियांवर बंदी घातली.

तान्ह्या बाळाला आपण कोण आहोत हे सांगण्याची घाई नसते. घाई आपल्याला असते. अशा घरात बाळ जन्मले, तर पेढे की बर्फी हे विचारू नका. आई कशी आहे, बाळ दूध पिते का, एवढेच विचारा.