कनेक्शन चुकतं तेव्हा...

परदेशातली ट्रेन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? सेकंद काट्यावर सुटणारी गाडी, आत चिडीचूप बसलेले लोक आणि खिडकीबाहेर बर्फाचे डोंगर. डोंगर शंभर टक्के खरे आहेत, बाकीचं जरा तपासून घ्यावं लागतं!

गेल्या उन्हाळ्यात इंटर्नशिपसाठी मी दोन महिने जर्मनीत कायझर्सलाउटर्नला होते. एका वीकेंडला तिथून स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेनला जाऊन आले. रूट असा : लोकलने मानहाइम, तिथून फास्ट आयसीईने बासेल आणि पुढे बर्नमार्गे इंटरलाकेन. कागदावर साधारण साडेपाच तास. प्रत्यक्षात जाताना दोन कनेक्शन्स चुकली आणि येताना एक. पण कनेक्शन चुकणं हे नशीब नसून त्यामागे पक्कं गणित आहे, हे त्यातून कळलं. पुढच्या वर्षी जाणाऱ्या ज्युनिअर्सना उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे. (कॉन्व्हेंटचं मराठी आहे, सांभाळून घ्या.)

तिकीट एक की दोन?

माझ्याबरोबर केरळची एक इंटर्न होती. शनिवारी सकाळी आमची लोकल मानहाइमला पंधरा मिनिटं उशिरा पोचली आणि आयसीई निघून गेली. दोघी एकाच डब्यातून उतरलो, एकाच फलाटावर उभ्या राहिलो. पण माझा खर्च शून्य आणि तिचे ऐंशीच्या आसपास युरो गेले. म्हणजे आमच्या मेसचं दोन महिन्यांचं बिल!

कारण काय, तर माझं तिकीट घरापासून इंटरलाकेनपर्यंत एकच होतं. ती लोकलमध्ये मासिक पासवर बसली होती आणि पुढचं स्वस्तातलं तिकीट तिने मानहाइमपासून काढलं होतं. स्वस्त तिकीट ठराविक गाडीलाच चालतं. मात्र एकाच तिकिटावरच्या प्रवासात शेवटच्या स्टेशनवर २० मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसलं, की जर्मनीत ते बंधन सुटतं आणि दुसरी गाडी पकडता येते. तिकिटं वेगळी असतील तर करारही वेगळे. मग पहिल्या गाडीच्या उशिराशी दुसऱ्या तिकिटाचा काही संबंध राहत नाही. तिला पुन्हा फुल तिकीट काढावं लागलं.

दोन मिनिटं थांबले असते तर काय बिघडलं असतं?

दुसरं कनेक्शन बासेलला चुकलं. आमची गाडी उशिरा शिरली आणि बर्नची गाडी समोरून सुटताना दिसली. आपल्याला वाटतं, काय हे लोक! पण यातच स्विस रेल्वेचा सगळा फंडा आहे.

१९८२ मध्ये स्वित्झर्लंडने देशभर 'ताक्त' वेळापत्रक आणलं, म्हणजे गाडी दर तासाला त्याच मिनिटाला. पुढची पायरी होती 'बान २०००'. त्याला १९८७ मध्ये चक्क लोकांनी मतदान करून मंजुरी दिली. कल्पना सोपी आहे. मोठ्या जंक्शनमध्ये सगळ्या दिशांच्या गाड्या पूर्ण तासाच्या किंवा अर्ध्या तासाच्या जरा आधी येतात आणि जरा नंतर सुटतात. मधल्या काही मिनिटांत कुठूनही कुठेही जाणारी गाडी पकडता येते.

हे जमायचं तर दोन जंक्शनमधलं अंतर तासाच्या थोडं आत कापलं पाहिजे. ६५ मिनिटं लागली तर जंक्शनमधल्या गाड्या निघून गेलेल्या असतात. ४५ मिनिटांत पोचलात तर उरलेला वेळ नुसतं बसून राहायचं. म्हणून त्यांनी मॅटश्टेटन ते रोथ्रिस्ट हा ताशी २०० किलोमीटरचा नवा मार्ग डिसेंबर २००४ मध्ये सुरू केला आणि झुरिक-बर्न प्रवास तासाच्या आत आणला. जितकं जोरात जाता येईल तितकं नाही, तर जितकं गरजेचं तितकंच जोरात! डिझाइनच्या पेपरला लिहावं असं उत्तर आहे.

आता एक गाडी आमच्यासाठी पाच मिनिटं थांबली असती, तर बर्नच्या जंक्शनमध्ये तिची वाट बघणाऱ्यांचा खोळंबा झाला असता आणि तो उशीर सगळीकडे पसरला असता. म्हणून जर्मनीहून फार उशिरा आलेली गाडी स्विस लोक बासेललाच संपवतात आणि पुढे वेळेवर आपली गाडी सोडतात. तुलना बघा : जर्मनीत सहा मिनिटांच्या आतला उशीर 'वेळेवर' धरतात, तरीही २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या सुमारे ६२ टक्केच गाड्या वेळेवर होत्या. स्वित्झर्लंडमध्ये मर्यादा तीन मिनिटांची, तरी आकडा ९० च्या वर. आम्हाला पुढची गाडी अर्ध्या तासात मिळाली. थांबत नाहीत, पण ताटकळतही ठेवत नाहीत.

मध्यरात्रीचं मानहाइम

रविवारी येताना मात्र खरं टेन्शन आलं. बासेलहून निघालेली गाडी वाटेत रखडली आणि मानहाइमला आमची शेवटची लोकल गेली. सोमवारी सकाळी प्रोफेसरांसमोर प्रेझेंटेशन! फोनची बॅटरी ९ टक्के. काउंटरवरच्या बाईंनी तिकीट बघितलं, उशिराचा शिक्का मारला आणि आमच्या गावच्या चार प्रवाशांना मिळून एका टॅक्सीचं कूपन दिलं. ही मेहरबानी नव्हती. रात्री पुढे जाणं शक्य नसेल तर राहण्याची सोय करणं रेल्वेवर बंधनकारक आहे आणि जर्मनीत काही ठराविक परिस्थितीत १२० युरोपर्यंत टॅक्सीभाडं मिळतं. फक्त विचारावं लागतं.

पोचायचं होतं ११.४० ला, पोचलो दीडला. युरोपियन युनियनच्या नियमाप्रमाणे ६० मिनिटांच्या उशिराला भाड्याचे २५ टक्के परत मिळतात आणि १२० मिनिटांना ५० टक्के. आम्ही ११० मिनिटांवर! आणखी दहा मिनिटं लागली असती तर निम्मे पैसे आले असते.

जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा

१. घरापासून मुक्कामापर्यंत एकच तिकीट काढा. थोडं महाग पडलं तरी चालेल.

२. परतीच्या दिवशी शेवटची गाडी धरू नका. तिच्या आधीची धरा.

३. सरहद्दीपलीकडे जाताना पासपोर्ट जवळ हवाच. बासेलला तपासणी होऊ शकते.

४. उशिराचा शिक्का किंवा फोटो ठेवा आणि तीन महिन्यांच्या आत क्लेम करा.

५. परदेशी जाणार नसाल तरी हे वाचा. आपल्याकडेही १ एप्रिल २०१९ पासून दोन गाड्यांचे पीएनआर जोडून घेता येतात. पहिली गाडी उशिरा आल्यामुळे दुसरी चुकली, तर राहिलेल्या प्रवासाचे पैसे कॅन्सलेशन चार्ज न कापता परत मिळतात. दिवाळीला घरी जाताना मनमाड नाहीतर दौंडला गाडी बदलणाऱ्या हॉस्टेलकरांनी रिझर्व्हेशन करतानाच हे काम उरकून टाकावं.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल