जुने डिझेल इंजिन अडले, तर आधी काय पाहाल?



सिद्धेश्वर धरण 1968 साली पूर्ण झाले आणि पूर्णेचे पाणी कालव्याने शिवारात आले. पण कालव्याच्या वरच्या अंगाच्या रानाला, किंवा विहिरीवर वीज नसते तेव्हा, आजही जुने डिझेल इंजिनच कामी येते. गव्हाला पेरणीनंतर 18 ते 21 दिवसांनी, मुकुटमुळे फुटताना, पाणी लागतेच. नेमके तेव्हाच हॅण्डल मारून हात भरून येतात आणि इंजिन काही चालू होत नाही.

अशा वेळी पाना घेऊन सगळे इंजिन खोलू नका. मोठ्या दोन चाकांच्या, मिनिटाला 650 फेऱ्यांच्या जुन्या इंजिनाचे सुटे भाग आता सहज मिळत नाहीत. खोलताना चांगला भाग मोडला, तर पिकाचे पाणी चुकलेच म्हणून समजा.

इंजिनाला तीन गोष्टी लागतात : डिझेल, हवा आणि दाब. याच क्रमाने तपासा.

1. डिझेल : टाकीत डिझेल आहे का, तळाशी पाणी किंवा गाळ साचला आहे का, ते पाहा. फिल्टर साफ करा. मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करा. बुडबुडे येत असतील तर नळीत हवा शिरली आहे. बुडबुडे थांबून सलग धार आली की स्क्रू आवळा. आता दाबाचा खटका उचलून हॅण्डल फिरवा. नोजलचा करकर आवाज आला, तर डिझेल आत पोचते आहे.

2. हवा : हवेच्या फिल्टरमध्ये धूळ, भुसा, गांधीलमाशीचे घर असते. काळा धूर बहुधा हवा कमी पडल्याचे किंवा पंपाचा भार जास्त झाल्याचे लक्षण आहे.

3. दाब : डिझेल बंद करून, खटका खाली ठेवून हॅण्डल सावकाश फिरवा. एका जागी ते जोराने अडले पाहिजे. अडत नसेल तर दाब गळतो आहे. आधी टॅपेटची फट पाहा. फट नसेल तर व्हाल्व्ह पुरता बसत नाही. मग हवेच्या वाटेने दोन चमचेच इंजिन ऑइल आत सोडून पुन्हा फिरवा. दाब वाढला तर रिंगा झिजल्या. नाही वाढला तर व्हाल्व्ह किंवा हेडचे पॅकिंग. निळा धूर हीसुद्धा रिंगा झिजल्याची खूण.

इतके कळले की मिस्त्रीला नेमकी जागा दाखवता येते. सुटा भाग आणायला जाताना जुना भाग सोबत घ्या आणि इंजिनाच्या पट्टीवरचा नंबर, अश्वशक्ती व फेरे लिहून न्या. डिझेल पंपाचा प्लंजर आणि बॅरल ही जुळवलेली जोडी असते. एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलमध्ये घालू नका.

जिवाला जपा : नोजलच्या फवाऱ्यापुढे हात धरू नका, तो कातडीत घुसतो. हॅण्डल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, म्हणजे उलट झटक्याने मनगट मोडणार नाही. इंजिन विहिरीत उतरवून किंवा बंद खोलीत चालवू नका. त्या धुराने माणूस गुदमरून मरतो.

हंगाम संपला की टाकी झाका, ऑइल बदला, धुराड्यावर डबा पालथा घाला. पेरणीच्या आधी आठ दिवस इंजिन एकदा चालवून पाहा. बिघाड असेल तो तेव्हाच कळेल, आणि गहू पाण्यावाचून राहणार नाही.